फोटोतला डाग कशाचा?

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, याचे बाहेरच्या माणसांना मोठे कौतुक वाटते. आपल्याला त्याचे विशेष काही वाटत नाही, कारण आपल्या भागातली कितीतरी घरेही तशीच अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे आहेत. म्हातारी माणसे, शेत आणि गुरे इकडे. कमावता मुलगा, सून आणि नातवंडे तिकडे, उधन्याला, लिंबायतला, पांडेसऱ्याला नाहीतर डिंडोलीला. मुलताईला उगम पावलेली तापी आपल्या प्रकाशावरून उकाईला जाते, तिथून सुरतेला आणि पुढे समुद्राला मिळते. आपली माणसेही पोटासाठी त्याच वाटेने गेली. तापी जिथे समुद्राला मिळते, त्या टोकाला हजीरा आहे.

साधारण १९८०च्या दशकापासून हजीऱ्याचे रूप पालटले. समुद्रातला वायू किनाऱ्यावर आला, त्याची हजीरा-विजयपूर-जगदीशपूर अशी लांबलचक पाइपलाइन निघाली. मग खताचा कारखाना, पेट्रोकेमिकल, पोलाद, अवजड यंत्रे आणि बंदर असे एकेक करून उभे राहिले. इच्छापोर, कवास, मोरा ही नावे आपल्या बाजारातही ऐकू येऊ लागली. ‘पोरगा हजीऱ्याला मोठ्या कंपनीत आहे’ असे सांगताना बापाचा आवाज जरा चढतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण त्या मोठ्या कंपनीच्या फाटकातून आत जाणारी आपली पुष्कळ माणसे ठेकेदाराकडे असतात. वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंगकाम, वाळूच्या फवाऱ्याने लोखंडाचा गंज उडवणे, भट्टीतल्या जुन्या विटा फोडून नव्या बसवणे, कोळसा उतरवणे अशी ही कामे. आज या ठेकेदाराकडे, सहा महिन्यांनी त्या ठेकेदाराकडे. घरच्यांना विचारले की मुलगा नेमके काय काम करतो, तर बहुधा एकच उत्तर मिळते, ‘कंपनीत आहे.’

दहा-बारा वर्षांनी त्यातला एखादा खोकत घरी येतो. जिना चढताना दम लागतो, वजन उतरते, रात्री कूस बदलली की खोकल्याची उबळ येते. गावातले औषध होते, मग तालुक्याला छातीचा फोटो काढला जातो. फोटोत डाग दिसतात. ‘टीबी दिसतोय’ असे कुणीतरी म्हणते आणि गोळ्या सुरू होतात. सहा महिने होतात, खोकला तसाच. दुसरे डॉक्टर, दुसरा फोटो, पुन्हा त्याच गोळ्या. घराच्या खुंटीवर एक प्लास्टिकची पिशवी लटकू लागते आणि वर्षागणिक फुगत जाते. तिच्यात फोटो असतात, चिठ्ठ्या असतात, बिले असतात. नसते ती एकच गोष्ट, आजार नेमका कोणता याचा पुरावा.

यात टीबीचा संशय घेणाऱ्या डॉक्टरांना सरसकट दोष देता येत नाही. क्षयरोग आपल्या देशात इतका पसरलेला आहे की डाग दिसल्यावर पहिला विचार तोच येणार आणि यायलाही हवा. प्रश्न एवढाच की संशय आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीच्या फोटोत हाड पांढरे दिसते, हवा काळी दिसते आणि जिथे हवेच्या जागी दुसरे काही भरले आहे तिथे पांढुरका डाग उमटतो. ते दुसरे काही म्हणजे पू आहे, जंतू आहेत, दगडाची धूळ आहे की कर्करोगाची गाठ, हे फोटो सांगत नाही. भिंतीला ओल आलेली दिसते. ती पावसाची की फुटलेल्या नळाची, हे भिंत उकरल्याशिवाय कळत नाही, तसेच हे आहे.

सुरत आणि छातीचा आजार म्हटले की पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना १९९४ आठवेल. त्या सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. गाड्या माणसांनी भरून वाहिल्या, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. देशभरात पन्नासच्या आसपास मृत्यूंची नोंद झाली. पण तो खरोखर प्लेगच होता की दुसरे काही, यावर पुढे कितीतरी महिने वाद चालला. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि शेवटी जंतूंच्या तपासण्यांवरून प्लेगच होता असा निष्कर्ष निघाला. लाखोंच्या शहराला पुराव्याची वाट पाहायला वेळ मिळाला नाही. एका घराला मात्र तो वेळ मिळतो. तो आपण घेत नाही, हे दुखणे आहे.

टीबीचा पुरावा मिळवण्याचा पहिला आणि साधा मार्ग म्हणजे बेडका तपासणे. सरकारी दवाखान्यात तो मोफत तपासला जातो. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहण्यावरच भिस्त होती. २०१०च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेली जनुकीय तपासणी, आपल्याकडे जिला सीबी-नॅट म्हणतात, तिच्यामुळे यंत्रातून दोनेक तासांत जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही, दोन्ही कळते. टीबी निघाला तर घाबरण्याचे कारण नाही. औषध मोफत आहे आणि पोषणासाठी सरकार २०१८पासून महिन्याला पाचशे रुपये देत होते, ते नोव्हेंबर २०२४पासून हजार झाले. पण बेडकाच पडत नसेल, किंवा पडूनही त्यात काही सापडत नसेल आणि फोटोतला डाग मात्र जागेवरून हलत नसेल, तर? इथे दुर्बिणीची तपासणी येते. तिला ब्रॉन्कोस्कोपी म्हणतात.

माझ्या वर्गातला धडगावकडचा एक मुलगा एकदा तास संपल्यावर थांबला. हातात कागद होता. ‘सर, वडिलांच्या छातीत दुर्बीण टाकायची म्हणतात. सही करू की नको?’ वडील अकरा वर्षे हजीऱ्याला होते. दोनदा टीबीच्या गोळ्या पूर्ण झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा बेडक्यात काही सापडलेले नव्हते. मोठ्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन काढला तेव्हा दोन फुफ्फुसांच्या मधल्या गाठी सुजलेल्या दिसल्या आणि उजव्या बाजूचा एक डाग त्यांना बरा वाटला नाही. घरात दोन तट पडले होते. आजी म्हणत होती, घशातून नळी घातली तर श्वास कुठून घेणार? काका म्हणत होते, तुकडा काढला की आजार भडकतो, अमक्याचा असाच भडकला. आई काहीच बोलत नव्हती. मी डॉक्टर नाही, मास्तर आहे. म्हणून आम्ही दोघांनी मिळून काय विचारायचे त्या प्रश्नांची यादी केली आणि ती घेऊन तो डॉक्टरांकडे गेला. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

ही कल्पना तशी जुनी. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे गुस्ताव किलियन यांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत अडकलेला हाडाचा तुकडा सरळ धातूच्या नळीतून बघत बाहेर काढला. तो शेतकरी जेवता जेवता ठसकला होता, एवढेच निमित्त. तशी सरळ, ताठ नळी आजही वापरात आहे. शेंगदाणा, चिंचोका किंवा पेनाचे टोपण लहान मुलाच्या श्वासनलिकेत गेले की ते काढायला तीच उपयोगी पडते. मोठ्या माणसाच्या तपासणीत खरा बदल केला तो जपानच्या शिगेतो इकेदा यांनी. केसासारख्या हजारो काचतंतूंच्या जुडीतून उजेड आत जातो आणि चित्र बाहेर येते, अशी वाकणारी दुर्बीण त्यांनी १९६६मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत दाखवली. पुढे काचतंतूंच्या जागी टोकाला इवलासा कॅमेरा आला आणि डॉक्टर आता पडद्यावर पाहतात.

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. श्वास कुठून घेणार? मोठ्या माणसाची मुख्य श्वासनलिका साधारण दीड ते दोन सेंटिमीटर रुंद असते. वाकणारी दुर्बीण पाच-सहा मिलिमीटर जाड, म्हणजे साध्या शिसपेन्सिलीपेक्षाही बारीक. तिच्या बाजूने हवा येत-जात राहते, शिवाय नाकाला प्राणवायू लावलेला असतो आणि बोटाला लावलेल्या चिमट्यावर रक्तातला प्राणवायू सारखा मोजला जातो. तपासणीआधी काही तास पोट रिकामे ठेवतात. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तो कडू लागतो. शिरेतून गुंगीचे औषध देतात. नळी नाकातून किंवा तोंडातून स्वरयंत्राच्या मधून खाली उतरते. त्या क्षणी खोकला येतो, गुदमरल्यासारखे वाटते. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. औषध आत सोडले की ते कमी होते. साधी तपासणी बहुधा अर्ध्या तासात आटोपते. नंतर घसा बधिर असेपर्यंत, म्हणजे साधारण दोन तास, पाण्याचा घोटही द्यायचा नाही, नाहीतर तो चुकीच्या वाटेने जातो. प्रेमापोटी लगेच चहा पाजणारे नातेवाईक पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

काकांची भीती दुसरी. तुकडा काढल्याने कर्करोग भडकतो ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. बहुधा असे होते की माणूस इतक्या उशिरा तपासणीला जातो की आजार आधीच पसरलेला असतो, आणि दोष मात्र तुकड्याच्या माथी येतो. धोका अजिबात नाही असे नाही. बेडक्यात रक्ताची रेघ येणे, एखादा दिवस अंगात कणकण येणे हे चालायचेच. फुफ्फुसाच्या आतला तुकडा घेतल्यास शंभरात मोजक्या रुग्णांना फुफ्फुसाबाहेर हवा साचू शकते, क्वचित जास्त रक्तस्राव होतो. म्हणूनच रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, दमा, हृदयाचे दुखणे हे सगळे आधी डॉक्टरांना सांगायचे असते. सही करण्यापूर्वी ‘यातून काय कळेल आणि कळल्यावर उपचार बदलेल का?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे.

नळी आत गेल्यावर नुसते पाहूनच थांबायचे नसते. फुफ्फुसाच्या एखाद्या फांदीत मिठाचे निर्जंतुक पाणी सोडून ते परत ओढून घेतात. त्या धुतलेल्या पाण्यात टीबीचे जंतू, बुरशी, वेगवेगळ्या पेशी सापडतात. तपासणीनंतर एक-दोन दिवस पडणारा बेडकाही फेकायचा नसतो, कारण पूर्वी न सापडलेला जंतू कधी कधी त्यातच सापडतो. बारीक चिमट्याने तुकडे घेता येतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात आणखी भर पडली. दुर्बिणीच्या टोकालाच छोटी सोनोग्राफी बसवलेली असते. तिच्यामुळे श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडच्या, दोन फुफ्फुसांच्या मधल्या गाठी पडद्यावर दिसतात आणि डोळ्यांसमोर सुई टोचून त्यातला अंश काढता येतो. तिला ईबस म्हणतात. पूर्वी याच गाठींसाठी पूर्ण भूल देऊन गळ्याखाली चिरा द्यावा लागे. दुसरी युक्ती गोठवण्याची. बर्फाला बोट चिकटते तसा फुफ्फुसाचा भाग गोठलेल्या सळईच्या टोकाला चिकटतो आणि मोठा तुकडा मिळतो. मात्र त्यात रक्तस्रावाचा धोका अधिक, म्हणून ती सर्रास करत नाहीत. फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या लहान गाठीपर्यंत यंत्रमानवाच्या साहाय्याने दुर्बीण नेण्याची पद्धत अमेरिकेत २०१८मध्ये मान्य झाली. भारतात ती अजून थोड्याच मोठ्या रुग्णालयांत आहे.

हे सगळे कशासाठी? कारण एकाच डागाचे उपचार एकमेकांच्या उलट असू शकतात. सार्कॉइड नावाचा एक आजार आहे. त्यात छातीच्या मधल्या गाठी सुजतात, फोटो पाहून थेट टीबीच वाटतो. त्याला बऱ्याचदा स्टेरॉइड द्यावे लागते. पण तो खरा टीबी असेल आणि आपण नुसते स्टेरॉइड दिले, तर जंतूंना मोकळे रान. उलट सार्कॉइडला टीबीच्या गोळ्या दिल्या तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कर्करोगाचे तर आणखी वाईट. टीबी समजून गेलेले सहा महिने ही त्या रुग्णाची परत न मिळणारी वेळ असते. आता फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांवर गोळ्याही निघाल्या आहेत, पण कोणती गोळी लागू पडेल हे त्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरच ठरते.

आणि दुर्बिणीला आपल्या घरातल्या गोष्टीही दिसतात. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या श्वासनलिकेत डॉक्टरांना आतून काळे चट्टे दिसतात, काही ठिकाणी फांदी आवळून गेलेली असते. त्यांनी विडीला कधी हात लावलेला नसतो. तो काजळीचा रंग चुलीच्या धुराचा. आपण ज्याला ‘आईला पहिल्यापासून दमा आहे’ म्हणतो, त्यातले काही असे असते. दुसरी गोष्ट कूलरची. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुफ्फुस आवळत नेणाऱ्या आजारांच्या १,०८४ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांचा आजार श्वासातून जाणाऱ्या बुरशीसारख्या गोष्टींच्या वावड्यातून झालेला निघाला आणि त्यातल्या पुष्कळांच्या घरी कूलर होते. आपल्या खानदेशच्या उन्हाळ्यात कूलर बंद करा असे कोण म्हणेल? पण त्यातले पाणी बदलणे आणि कुजलेला वाळा काढून टाकणे आपल्या हातात आहे.

सुरतेशी जवळची आणखी एक गोष्ट. १९८०च्या दशकात बेल्जियममध्ये हिऱ्यांना पैलू पाडणारे काही कारागीर दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेले. दुर्बिणीतून धुऊन काढलेल्या पाण्यात विचित्र, अवाढव्य पेशी दिसल्या. शोध घेता असे निघाले की ते ज्या चकतीवर हिरे घासत होते तिच्यात कोबाल्ट धातू होता आणि त्याची धूळ छातीत जात होती. हिऱ्याचा दोष नव्हता, चकतीचा होता. हे कळले कसे? पेशी पाहून शंका आली आणि ‘तुम्ही नेमके कशाने घासता?’ हा प्रश्न विचारल्यावर खात्री झाली.

दुर्बीण कितीही चांगली असली तरी माणसाने कुठे, कोणते काम केले हे तिला दिसत नाही. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा त्याचा चांगला दाखला. वाळूचा फवारा, भट्टीच्या विटा, दगड फोडणे, क्वार्ट्झ दळणे, या सगळ्यांतून डोळ्यांना न दिसणारी सिलिकाची धूळ उडते. ती वायुकोशांत जाऊन बसते आणि काम सोडल्यानंतरही जखम वाढत राहते. तिला मुळापासून घालवणारे औषध नाही. कामाची माहिती नीट मिळाली आणि फोटो किंवा स्कॅन स्पष्ट असला, तर सिलिकोसिस ओळखायला बहुतेक वेळा दुर्बीण लागतही नाही. ती लागते शंका उरली तर, म्हणजे त्यासोबत टीबी आहे का, गाठ कर्करोगाची आहे का, हे ठरवायला. कारण सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. म्हणजे ‘धूळ की टीबी’ असा प्रश्न नसतो, कधी दोन्ही एकदम असतात.

त्या मुलाने सही केली. वडिलांच्या गाठीतून ईबसने अंश घेतला, फुफ्फुस धुतले, तुकडे तपासायला गेले. टीबीचा जंतू सापडला नाही, कर्करोग नव्हता. तुकड्यात धुळीच्या गाठी होत्या. मग डॉक्टरांनी तासभर बसवून विचारले तेव्हा पहिल्यांदा पुढे आले की अकरापैकी सात वर्षे ते वाळूच्या फवाऱ्यावर होते, तोंडाला बांधलेला असायचा तो नुसता रुमाल. ‘कंपनीत आहे’ एवढेच आजपर्यंत सगळे सांगत आले होते. बातमी आनंदाची नव्हती. पण तिसऱ्यांदा सुरू होणार असलेल्या गोळ्या थांबल्या, मुलगा बापाच्या जागेवर कामाला जाणार होता तो गेला नाही आणि कर्करोगाची टांगती तलवार उतरली. मग भरपाईचा विषय निघाला आणि सगळे गप्प झाले. सात वर्षांच्या कामाचा एकही कागद घरात नव्हता. फाटकाचा पास ठेकेदाराने परत घेतला होता, पगार हातात मिळत होता.

कागद असले आणि माणसे चिकाटीची असली तर काय होते, हे आपल्या शेजारीच घडले आहे. नर्मदेपलीकडच्या अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातमधल्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात आणि सिलिकोसिस होऊन परत येत. गावात त्यांनाही पुष्कळदा टीबीचेच औषध मिळे. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. मे २०१६मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. मृत्यूनंतर मिळालेले तीन लाख फार मोठी गोष्ट नाही. पण ‘टीबीने गेला’ असे ज्यांच्याविषयी गाव म्हणत होते, ते धुळीने गेले हे नोंदले गेले. सिलिकोसिस हा १९४८च्या कारखाना कायद्यातही कळवणे बंधनकारक असलेला आजार होता आणि नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेच्या यादीतही तो आहे. यादीत आजार असतो. माणूस त्या यादीपर्यंत पोहोचायला निदान लागते आणि कामाचा दाखला लागतो.

म्हणून घरातल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन प्रकारचे पुरावे जमवायला हवेत, आजाराचे आणि कामाचे. आजारासाठी आधी बेडका, तोही गोळ्या सुरू करण्यापूर्वी. जुने सगळे फोटो जपून ठेवा, कारण डाग वाढला की तसाच आहे हे जुना फोटोच सांगतो. टीबीच्या गोळ्या नीट घेऊनही दोन-तीन महिन्यांत फरक नसेल तर मनाने बंद करू नका, पण छातीच्या डॉक्टरांना ‘निदान पक्के आहे का?’ असे जरूर विचारा. साधी ब्रॉन्कोस्कोपी सहसा वैद्यकीय महाविद्यालयांच्या छातीरोग विभागांत होते. धुळ्याला, नंदुरबारला शासकीय महाविद्यालय आहे, सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर आहे. कोणती तपासणी कुठे होते आणि आयुष्मान कार्डात बसते का, याची चौकशी करूनच गाडीत बसा. कामासाठी फाटकाच्या पासचा, हजेरी कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवून ठेवा. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, ठेकेदाराचे नाव, कोणते काम किती वर्षे केले, हे एका वहीत लिहा. वहीचे एक पान पुरते.

होळी आली की काठीच्या होळीपासून पाड्यापाड्यांवरच्या होळ्यांपर्यंत आपली सगळी माणसे सुरतेहून, हजीऱ्याहून घरी येतात. या वेळी कुणी आला आणि टेकडी चढताना मध्येच थांबून खोकू लागला, तर त्याला ‘दवाखान्यात दाखव’ एवढेच सांगून सोडू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ‘दादा, तिकडे तू नेमके काय काम करतोस?’ उत्तर लिहून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या.